गाळाची पुण्याई

निफाड तालुक्यात वसंत आल्याची वर्दी कोकिळेच्या आधी ट्रॅक्टर देतात. फाल्गुनाच्या सुमाराला लासलगावकडे निघालेल्या कांद्याच्या ट्रॉल्या आणि पिंपळगाव बसवंतकडे पळणारे द्राक्षांच्या क्रेटचे पिकअप यांची रस्त्यावर चढाओढ लागते. डिसेंबरात जिथे पारा पाच अंशांच्या खाली उतरतो आणि द्राक्षमण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून बागाईतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, तिथेच मार्चच्या दुपारी डोक्याला उपरणं गुंडाळावं लागतं. या दोन टोकांच्या मधे तीन-चार आठवडे असे येतात, की सकाळी हवेत गारवा असतो, कडुनिंबाला तांबूस पालवी फुटत असते, बांधावरचा पांगारा लालेलाल झालेला असतो आणि हिवाळी पाहुणे अजून सगळे परतलेले नसतात. नांदूर मधमेश्वरला जावं ते याच दिवसांत, असं माझं मत आहे. पक्षिनिरीक्षक मंडळी डिसेंबर-जानेवारीचा आग्रह धरतात. तेव्हा संख्या जास्त असते हे खरं, पण ती पाखरांची तशी माणसांचीही असते.

गोदावरी त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीवर उगम पावते, नाशिक शहरातून बाहेर पडते, वाटेत दारणेला पोटात घेते आणि निफाडच्या दक्षिणेला नांदूर मधमेश्वरला पोचते. तिथे तिला कादवा मिळते. या संगमावर 1907 ते 1913 या काळात बांधलेला दगडी बंधारा आहे आणि त्याच्यामागे अडलेल्या पाण्याभोवती 1986 मध्ये पक्षी अभयारण्य जाहीर झालं. कागदावरचं क्षेत्र साधारण 100 चौरस किलोमीटर, पण त्यात गावं, शेतं, रस्ते सगळं आलं. प्रत्यक्ष पाणथळ भाग त्यामानाने लहान आहे. 2020 च्या जानेवारीत आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत याचं नाव झळकलं. महाराष्ट्रातलं ते पहिलं रामसर स्थळ. त्या यादीतलं क्षेत्र 1,437 हेक्टर आहे आणि तिथे नोंदल्या गेलेल्या सजीवांच्या जाती 536. लोणार आणि ठाण्याची खाडी मागाहून आल्या.

नाशिकहून सकाळी निघालं तर तासा-दीड तासात चापडगाव गाठता येतं. निफाड गावातून जाताना एक गोष्ट मनात येऊन जाते. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा जन्म इथला, 1842 सालचा. दख्खनच्या शेतकऱ्याच्या दैन्याचा आकड्यांनिशी हिशेब मांडणारा हा माणूस 1901 च्या जानेवारीत गेला, आणि त्याच वर्षी इंग्रज सरकारने सिंचन आयोग नेमला. 1876 ते 78 चा दुष्काळ, मग 1896-97, मग 1899-1900, अशा एकामागून एक तडाख्यांनंतर सरकारला जाग आली होती. मुंबई इलाख्यात धरणं आणि कालवे बांधायची जी लाट त्यानंतर उसळली, नांदूरचा बंधारा तिचंच अपत्य. बाराएक किलोमीटरवर जन्मलेल्या रानड्यांना तो पाहायला मिळाला नाही.

चापडगावच्या फाटकाशी वनखात्याचं माहिती केंद्र आहे, आणि गावातलीच प्रशिक्षण घेतलेली मुलं गाइड म्हणून मिळतात. दुर्बीण नसेल तर भाड्याने मिळते. इथे एक सल्ला द्यावासा वाटतो: गाइड घ्याच. स्वतःला कितीही पाखरं ओळखता येत असली तरी घ्या. पुस्तकातून पक्षी कळतो, पण आज पाणी किती आहे, कालपर्यंत कुठे चिखल होता आणि परवा कोणत्या बेटावर काय बसलं होतं, हे पुस्तकात नसतं. आमच्या वाट्याला आलेला पोरगा विशीतला, पायात स्लीपर, गळ्यात दुर्बीण, खांद्यावर तिपाई. वडिलांचा कांदा काढणीला आलेला असल्यामुळे त्याला दुपारी बारापर्यंत घरी पोचायचं होतं. हे त्याने पहिल्याच वाक्यात सांगून टाकलं.

वाट सोपी. चढ नाही, उतार नाही, वाटेत दगडधोंडे नाहीत. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला झाडांची रांग आणि झाडांपलीकडे शेतं. आजी-आजोबा, शाळकरी पोरं, नुकतंच गुडघ्याचं ऑपरेशन झालेली मावशी, कुणालाही झेपेल. मधे मधे निरीक्षण मनोरे आहेत. सह्याद्रीत हिंडणाऱ्यांना हे चालणं वाटणारच नाही, पण किलोमीटरभर जायला इथे तास लागतो, कारण दर वीस पावलांवर थांबावं लागतं.

पहिला मुक्काम बाभळीखाली. फांद्यांवर सुगरणींची गेल्या पावसाळ्यातली घरटी लोंबत होती, वाळून पिवळी पडलेली. त्याच बाभळीत भोरड्यांचा थवा कलकलाट करत होता. गुलाबी अंग, काळं डोकं. या मध्य आशियातून येतात, हिवाळाभर ज्वारी-बाजरीच्या पिकांवर आणि किड्यांवर जगतात आणि मार्चमध्ये मोठ्या थव्यांनी परतीच्या तयारीला लागतात. शेतकरी त्यांना हुसकावतो, आणि त्याच भोरड्या टोळांचा फन्ना उडवतात म्हणून मध्य आशियातला शेतकरी त्यांची वाट पाहतो. पलीकडच्या गव्हाच्या शेतात पिवळे धोबी तुरुतुरु पळत होते. हिवाळ्यात हेच पाखरू मळकट दिसतं. मार्चमध्ये ते असं झळझळीत पिवळं होतं, की नवखा माणूस वेगळी जात समजून वहीत नोंद करतो.

वसंतातल्या फेरीचा हा मोठा फायदा. पक्षी संख्येने कमी झालेले असतात, पण अंगावर नवे कपडे चढलेले असतात. भिवई बदकाचा नर थंडीच्या सुरुवातीला मादीसारखाच तपकिरी असतो. आता त्याच्या डोळ्यावरून मानेपर्यंत गेलेली पांढरी भुवई लांबूनही दिसत होती. पाणकणसाच्या बुडाशी शंकर नावाचं चिमुकलं पाखरू शेपटी उडवत उभं होतं, गळ्यावरचा निळा रंग पूर्ण उमटलेला. ते क्षणभर गायलंही. हिवाळ्यात हा पक्षी इथे बहुधा मुकाट असतो. गाणं त्याच्या उत्तरेकडच्या घराचं. कधीकधी निघण्याआधी इथेच रियाज सुरू होतो.

उलटंही घडतं. कमळपक्ष्याची ती प्रसिद्ध लांबलचक शेपटी मार्चमध्ये नसते. फोटोवाले तिच्यासाठी येतात आणि हिरमुसतात. ती पावसाळ्यात, विणीच्या वेळी येते. या पक्ष्याच्या संसारात मादी अंडी घालून दुसऱ्या नराकडे निघून जाते आणि उबवणं, पोरं सांभाळणं नराकडे येतं. गाइडने ही माहिती देताना आमच्यातल्या दोन जोडप्यांकडे असं काही पाहिलं, की हे वाक्य त्याने बऱ्याच ग्रुपांवर तपासून पक्कं केलेलं असावं.

मनोऱ्यावर चढलं की नांदूरचं खरं रूप कळतं. समोर दिसतो तो तलाव नाही. पाणी, चिखल, गवताची बेटं, पुन्हा पाणी, मधेच नदीचा खोल प्रवाह, पुन्हा बेटं. धरणाच्या जलाशयाची कल्पना मनात धरून आलेल्याला वाटेल, की याचं पाणी कुणी चोरलं की काय.

चोरलं आहे ते गाळाने. नांदूर मधमेश्वर हा धरणासारखा उंच बांध नव्हता. नदीचं पाणी थोडं वर उचलून दोन्ही काठांच्या कालव्यांत वळवायचं, एवढंच त्याचं काम. साठवण दारणेवर, 1916 मध्ये पुऱ्या झालेल्या धरणात व्हायची, आणि पुढे गंगापूरसारखी धरणं झाली. उथळ बंधाऱ्यामागे पाणी संथ होतं, आणि संथ पाणी अंगावरची माती सोडून देतं. दख्खनची काळी माती पावसात किती सहज वाहते, ते आषाढातली गोदावरी पाहिलेल्याला सांगायला नको. शंभरएक वर्षं ही माती इथे बसत गेली. त्यातून बेटं झाली, बेटांवर गवत, पाणकणीस, बाभळी आल्या. इंजिनिअरच्या वहीत हा तोटा आहे, कारण साठवण घटली. पाखरांच्या वहीत हीच जमा.

याचं कारण पाण्याच्या खोलीत आहे, आणि ते मनोऱ्यावर उभं राहून डोळ्यांनी वाचता येतं. आमचा गाइड तर पाण्यात काठी न घालता खोली सांगत होता. कडेच्या ओल्या चिखलात टिटव्या आणि तुतवार. घोट्याभर पाण्यात लांब लाल पायांचे शेकाटे. त्यापुढे थापट्या बदकं, चोच पाण्यावर सपाट धरून पुढे सरकत राहणारी. त्यांच्या रुंद चोचीच्या कडांना बारीक दातेरी गाळणी असते, पाणी बाहेर जातं आणि किडामुंगी, बिया आत राहतात. आणखी पुढे तलवार बदकं. त्यांची मान लांब, म्हणून थापट्याला जिथला तळ गाठता येत नाही तिथे ती शेपूट आभाळाकडे करून डोकं बुडवतात. यातलं कुणीच सहसा बुडी मारत नाही. तळ मानेच्या टप्प्यात असला तरच त्यांचं पोट भरतं. चार-पाच पुरुष खोल निळंशार पाणी पर्यटकाला आवडतं, पण या बदकांना ते पत्र्याच्या छपराइतकंच उपयोगी. गाळाने तळ वर आणला आणि पंगत बसली.

उघड्या चोचीचे करकोचे एका बेटाच्या कडेला गोगलगायी टिपत होते. या पक्ष्याची चोच मिटली तरी मधे फट राहते. गुळगुळीत शंख पकडून आतला जीव बाहेर काढायला ती घडण कामी येते. शेजारी चमचे, म्हणजे चोचीचं टोक पळीसारखं असलेले पांढरे पक्षी, पाण्यात चोच डावी-उजवीकडे फिरवत रांगेने चालले होते. चित्रबलाक एका पायावर उभे होते. मोरशराटींच्या अंगावर ऊन पडलं की काळा वाटणारा पक्षी एकदम तांबडा-हिरवा चमकायचा. आणि सगळीकडे, जिकडे नजर टाकावी तिकडे, वारकरी. काळी अंगं, पांढरं कपाळ. एक दलदली भोवत्या गवतावरून कमी उंचीवर तरंगत आला, तसे शेकडो वारकरी एकमेकांना चिकटून एकाच काळ्या गोळ्यात जमा झाले. भोवत्याला एकटं-दुकटं पाखरू हवं असतं, गर्दीतून उचलणं त्याला जड जातं. तो निघून गेल्यावर गोळा पुन्हा सैल झाला. जांभळ्या पाणकोंबड्यांनी मात्र मान वर करण्यापलीकडे दखल घेतली नाही.

पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अली यांनी नांदूरला महाराष्ट्राचं भरतपूर म्हटलं, आणि तेव्हापासून हे वाक्य प्रत्येक फलकावर, प्रत्येक माहितीपत्रकात आहे. कौतुक म्हणून ते ठीकच. पण त्या तुलनेत आणखी एक गोष्ट दडलेली आहे, जिच्याकडे फलक लिहिणाऱ्यांचं लक्ष जात नाही. भरतपूरचं केवलादेवही निसर्गाने एकट्याने घडवलेलं नाही. तिथल्या संस्थानिकांनी बांध घालून, दारं बसवून, खोलगट रानात पाणी सोडून ते तयार केलं, आणि तेही बदकांच्या शिकारीसाठी. 12 नोव्हेंबर 1938 या एका दिवशी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या मेजवानीत तिथे 4,273 पाखरं मारली गेली, हा आकडा तिथल्या दगडावर कोरलेला आहे. ते रान 1985 मध्ये जागतिक वारसा झालं. एका ठिकाणी शिकारीसाठी पाणी अडवलं, दुसऱ्या ठिकाणी दुष्काळासाठी. पाखरांनी हेतूंची चौकशी केली नाही. याच भरतपूरला सालिम अली आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या मंडळींनी बदकांच्या पायांत वळी घातली आणि त्यातली काही तेव्हाच्या सोव्हिएत संघात सापडली, म्हणून आपल्याला कळलं की ही पाखरं उन्हाळ्यात कुठे जातात.

नदीकाठचं रान म्हणजे माणसाचा हात न लागलेली जागा, अशी एक समजूत घेऊन आपण शहरातून निघतो. नांदूरला ती समजूत फाटकाशीच ठेवावी. इथलं ऋतुचक्रसुद्धा निम्मं पाटबंधारे खात्याचं आहे. पाऊस जून ते सप्टेंबर, हे आभाळाचं वेळापत्रक. त्यानंतर पाणी कधी चढायचं आणि कधी उतरायचं, ते आवर्तनावर, म्हणजे पाणी सोडण्याच्या पाळीवर ठरतं. वर दारणा, गंगापूर, पालखेड ही धरणं. तिथून पाणी सुटलं की नांदूरची पातळी वाढते, इथून डाव्या-उजव्या कालव्यांनी ते कोपरगाव, राहात्याकडे जातं, जलदगती कालव्याने मराठवाड्यातल्या वैजापूर-गंगापूर तालुक्यांकडे, आणि पावसाळ्यात दारं उघडली की सरळ जायकवाडीला. नाशिक-नगर विरुद्ध मराठवाडा हा समन्यायी पाणीवाटपाचा वाद दर कमी पावसाच्या वर्षी पेटतो, न्यायालयात जातो, रस्त्यावर येतो. त्या वादात नांदूरचं नाव क्युसेकच्या आकड्याला चिकटून येतं. बातमी वाचणाऱ्या किती जणांना माहीत असतं, की त्याच जागी शेकाट्याचे पाय किती बुडाले हेही त्या आकड्यावर ठरतं?

मनोऱ्यावरून उतरून आम्ही पाण्याच्या कडेकडेने पुढे गेलो. इथे जलपर्णी सुरू झाली. फिकट जांभळी फुलं, फुगीर देठ, फोटोला छान. मूळची दक्षिण अमेरिकेतली. पाण्यात नायट्रोजन-फॉस्फरस भरपूर असला की ती बघता बघता दुप्पट होते, आणि नाशिकसारख्या वाढत्या शहराच्या खालच्या अंगाला असलेल्या पाण्यात या दोन्हींचा तुटवडा कधीच नसतो. रामकुंडावर डुबकी मारणारा भाविक आणि शहरातला प्रत्येक संडास, दोघांचंही पाणी शेवटी इथे येतं. रामसरच्या नोंदीतही या जागेला असलेल्या धोक्यांत जलपर्णीचं नाव आहे. वनखातं ती काढतं, पुराने ती वाहून जाते, आणि पुन्हा येते. एक खरं, की कमळपक्षी तिच्यावरून आरामात चालतात आणि पाणकोंबड्यांना तिच्या आडोशाला बरं वाटतं. पण थापट्याला आणि तलवार बदकाला उघडं पाणी लागतं. पानांच्या गालिच्याखाली उजेड जात नाही, पाण्यातल्या वनस्पती मरतात, आणि मग वर कितीही हिरवं दिसलं तरी खाली स्वयंपाकघर बंद.

रामसरच्या याच नोंदीत एका माशाचं नाव आहे, ज्याच्यासाठी कुणी दुर्बीण घेऊन येत नाही. देवळाली मिनो. बोटाएवढा, डोंगरी ओढ्यांत राहणारा, आणि आज अतिसंकटग्रस्त. 1938 मध्ये सुंदरलाल होरा आणि मिश्रा यांनी देवळालीजवळच्या दारणेतल्या नमुन्यांवरून त्याचं वर्णन केलं आणि शास्त्रीय नावात एस. एच. प्रेटर यांचं नाव गुंफलं. प्रेटर म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे क्युरेटर, भारतीय प्राण्यांवरच्या प्रसिद्ध पुस्तकाचे लेखक, आणि शिवाय संविधान सभेचे सदस्य. अँग्लो-इंडियन समाजाच्या वतीने ते तिथे बसले होते. घटना लिहिणाऱ्या सभेत बसलेल्या माणसाच्या नावाचा मासा गोदावरीच्या खोऱ्यात संपत चालला आहे, ही माहिती फलकावर यायला हरकत नाही.

वाटेत एक बाई कांद्याच्या शेतात खुरपत होती. आमच्याकडे पाहून तिने विचारलं, "काय बघून राह्यले भाऊ एवढं?"

"पाखरं, मावशी."

"पाखरं तर रोजचीच हाये. बिबट्या दिसला तर सांगा." आणि हसली. पण ते नुसतं हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. निफाडमध्ये बिबट्या आता रानातून उसात राहायला आलेला आहे. उसाच्या फडात दाट सावली, पाणी, आजूबाजूला कुत्री-शेळ्या. तोडणी सुरू झाली की फडात बछडी सापडतात, मग पिंजरे, मग वनखात्याची जीप. अभयारण्याच्या सस्तन प्राण्यांच्या यादीत कोल्हा, मुंगूस यांच्या जोडीला बिबट्या आहे, आणि पर्यटकाला ते रोमांचक वाटतं. त्या बाईला पहाटे मोटर चालू करायला विहिरीवर जायचं असतं, कारण शेतीची वीज कधी येईल ते तिच्या हातात नाही.

तिच्या शेताच्या बांधावरच्या मातीतही काही गंमत आहे. गोदावरीच्या या काठांत जुन्या गाळाचे थर आहेत, बंधाऱ्याच्या शंभर वर्षांच्या गाळापेक्षा कितीतरी जुने. 1905 मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या गाय पिलग्रिम यांनी नांदूर मधमेश्वरला मिळालेल्या एका हत्तीच्या कवटीबद्दल लिहिलं. हा आजचा हत्ती नव्हे. नर्मदेच्या नावाने ओळखला जाणारा, सरळ सुळ्यांचा, आजच्या आशियाई हत्तीपेक्षा कितीतरी थोराड असा नामशेष झालेला प्राणी. म्हणजे या वळणावर नदी फार पूर्वीपासून गाळ टाकत आली आहे आणि त्यात काहीबाही जपत आली आहे. माणसाने बंधारा घालून तिच्या जुन्याच सवयीला वाव दिला.

संगमाजवळ मधमेश्वराचं देऊळ आहे आणि नदीपात्रात मृगव्याधेश्वराचं. रामाने सुवर्णमृगाला बाण मारला तो इथे, असं लोक सांगतात. नाशिकच्या पंचवटीपासून हरणामागे धावत रामाने इतकी मजल मारली असेल तर मारीचाने आपलं काम चोख केलं म्हणायचं. देवळाच्या पायऱ्यांवर बसून पाण्याकडे पाहिलं तर एक पाणकावळा पंख पसरून खडकावर वाळत बसलेला, एक बंड्या पाण्यावर जागच्या जागी पंख फडफडवत आणि सूर मारत. काळ्यापांढऱ्या खंड्याला इकडे हेच नाव आहे.

बंधाऱ्यापाशी पोचलो तेव्हा ऊन चांगलंच तापलं होतं. दगडी काम जुनं, घट्ट. पलीकडे कालव्याचं तोंड. पाणी थोडं उतरलेलं होतं, त्यामुळे पात्रातले खडक आणि वाळू-गोट्यांचे उंचवटे उघडे पडले होते. त्यांच्यावरून नदी सुरय फिरत होते. राखाडी अंग, काळी टोपी, पिवळी चोच, दुभंगलेली शेपटी. हे इथलेच रहिवासी, उत्तरेला जात नाहीत. बाकीची पाखरं निघायच्या तयारीत असतात तेव्हा यांची वीण सुरू होते. मार्च ते मे, नदी सर्वांत आटलेली असते तेव्हा, उघड्या वाळूवर नाहीतर खडकावर नुसता खळगा करून अंडी. घरटं म्हणण्यासारखं काही नाही. उन्हाळ्यात नदी आटते आणि आषाढापर्यंत वाढत नाही, या भरवशावर त्यांचा सगळा संसार उभा असतो. तो भरवसा धरणांच्या आधीचा आहे.

गाइडने तिपाई लावली आणि एका उंचवट्यावर बसलेली मादी दाखवली. तिच्या शेजारी नर मासा घेऊन उतरला, तिने तो घेतला. आम्ही वाकून वाकून पाहत असताना तो कुणाशी तरी फोनवर बोलत होता. आवर्तन कधी सुटणार, वरून पाणी किती येणार, एवढाच विषय. फोन ठेवून म्हणाला, "बहुतेक येत्या आठवड्यात."

पुढे रस्त्याच्या टपरीवर चहा घेताना त्याने तोच विषय शेजारच्या बाकावरच्या एका शेतकऱ्याकडे काढला. कालव्याखाली शेती असलेले, पांढरी टोपी, हातात बाजार समितीची पावती.

"आठवड्यात कशाला, उद्या सोडा म्हणावं," ते म्हणाले. "उन्हाळ कांदा पोसायच्या टायमाला पाणी नाही, मग काय उपयोग?"

"सोडतील हो काका. पण एकदम नको, जरा दमानं सोडलं तर बरं. खडकावर अंडी हायेत."

"कुणाची?"

"सुरयची. नदीवर फिरतो ना, तो पांढरा."

काकांनी पावती घडी करून खिशात ठेवली, बशीतला चहा संपवला आणि म्हणाले, "पाणी वर्षाला कुठवर चढतं ते आम्हाला दगडावरच्या खुणेवरून कळतं. तुझ्या पाखराला नाही कळत? त्याला सांग, खुणेच्या वर घाल म्हणावं."

"खुणेच्या वर कुत्री येतात, काका."

यावर काकांनी थोडा विचार केला. मग टपरीवाल्याला आणखी दोन कटिंग सांगितले आणि दारणेत या वर्षी पाणी किती शिल्लक आहे, यावर दोघांचं नव्याने सुरू झालं. साडेअकरा वाजून गेले होते. गाइडच्या घरी कांदा वाट पाहत होता, पण तो उठायचं नाव घेईना.